सातव्या फाइलीतल्या चार ओळी

चौकशी अधिकाऱ्यांनी मला लेखी विचारलेला प्रश्न असा होता : "सदर देव संगणकात कोठून आला, याचा खुलासा करावा." मी लेखी खुलासा केला : "सातव्या फाइलीतल्या चार ओळींतून." त्या कागदाची प्रत माझ्याकडं अजून आहे. नातवंडं विचारतात, आबा, तुम्ही नोकरीत काय करत होते? मी तो कागद काढून दाखवतो. त्यांना काही कळत नाही आणि मलाही समजावून सांगायचा कंटाळा येतो. आज मात्र सांगतो.

मी वानखडे, मूळ वडनेर भोलजीचा. एका सहकारी जिनिंग संस्थेत संगणक सहायक होतो. संस्थेचं नाव लिहीत नाही, ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. मुख्य कचेरी नांदुऱ्याला, कापूस खरेदीची केंद्रं पिंपळगाव राजा आणि शेगावला. मशीनं तीन, आणि तिघांच्या तीन जाती. कारण दर अध्यक्षाच्या काळात एक मशीन आलं, आणि दर अध्यक्षाचा मशीन विकणारा पाहुणा वेगळा.

आता धंद्याची गोष्ट थोडक्यात. संगणकावर अक्षरं लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची म्हटलं की एक पाटी लागते. ही पाटी म्हणजेही एक प्रोग्रामच, त्याला एडिटर म्हणतात. ती तयार मिळते, नाहीतर तिची कृती मिळते. कृतीला सोर्स म्हणतात. ती कम्पायलर नावाच्या दुसऱ्या प्रोग्रामच्या हवाली केली की तो आपल्या मशीनला चालेल अशी पाटी घडवून देतो. घडवून देतो म्हणजे आधी शंभर चुका काढतो, मग देतो. आणि एका मशीनवर घडलेली पाटी दुसऱ्यावर चालत नाही, तिथं जाऊन पुन्हा घडवावी लागते. चुलीवरची कृती स्टोव्हवर नेली की हात पुन्हा बसवावा लागतो, तसंच हे.

तुम्ही म्हणाल, तयार असताना घडवायची कशाला? तर नांदुऱ्याच्या मोठ्या मशीनसोबत जो एडिटर आला होता तो माणसासाठी केलेला नव्हता. त्यात अक्षर दाबलं तर अक्षर उमटत नसे. आधी एक खुणेची कळ दाबायची, मग लिहायचं. बाहेर पडायची खूण त्याहून गुप्त. आमचे हेडक्लार्क एकदा आत गेले ते आठ दिवस बाहेर आले नाहीत. ते स्वतः रोज घरी जात, पण टर्मिनल अडकलेलंच. शेवटी त्यावर पंचा टाकून ठेवला आणि घरात कोणी आजारी असल्यासारखे सगळे त्याच्याजवळून हळू बोलत जाऊ लागले.

अमरावतीच्या एका मास्तरांकडं साध्या एडिटरचा सोर्स होता. दाबलं ते अक्षर उमटायचं, आमची एवढीच मागणी. मास्तर दिलदार, म्हणाले, घेऊन जा. पण त्यांची टेप आमच्या मशीनला बसेना. म्हणून त्यांनी सगळं छापून दिलं. अकरा फाइली, कागदाचा गठ्ठा हातभर. तो पुन्हा टाइप करायचा होता.

इथं पुंडलिकराव झाडोकार येतात. संस्थेचे जुने टायपिस्ट, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. सगळे त्यांना पुंडलिकभाऊ म्हणत. टाइपरायटरवर त्यांची बोटं दिसत नसत. गुरुवारी उपास, कपाळाला अष्टगंध, आणि तोंडात कधी खोटं नाही. हे शेवटचं मी कौतुकानं लिहीत नाही. त्यानं पुढं माझी झोप उडवली.

एडिटर घडवायचा तर एडिटर लागतो, ही अडचण होतीच. मी त्यांना मशीनवर नुसतं लिहीत जायची एक वाट करून दिली. ओळ संपली की गेली, मागं फिरता येत नाही. दुसरा कोणी रडला असता. भाऊ म्हणाले, "मंग काय झालं? टाइपरायटरवर कुठी मांगं फिरता येते?" नऊ दिवसांत अकरा फाइली त्यांनी जवळजवळ बिनचूक उतरवल्या.

मी मोठ्या ऐटीत कम्पायलर चालवला. पहिल्या फाइलीत, पहिल्याच ओळीत चूक. दुसऱ्या फाइलीत, पहिल्याच ओळीत चूक. अकराच्या अकरा फाइलींत तेच. उघडून पाहतो तर प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर, इंग्रजी अक्षरांत, दोन्हीकडं उभ्या दोन-दोन रेघा देऊन, मधोमध : || Shri ||.

"भाऊ, हे काय केलं?"

"काय केलं म्हंजे? कागद सुरू करतांनी श्री टाकत नाई का आपन? त्या अमरावतीवाल्यानं टाकलाच नवता. बरं झालं मी पाह्यलं."

मी ओळ खोडायला हात पुढं केला तर त्यांनी मनगट धरलं. "श्री खोडते का बे कोनी? लेकराबाळाचा मानूस तू!"

मग मला युक्ती सुचली. या भाषेत दोन खुणांच्या मध्ये जे लिहाल ते कम्पायलर वाचत नाही. ते फक्त माणसांसाठी असतं. मी अकरा ठिकाणी श्रीला त्या खुणांत बसवलं आणि भाऊंना समजावलं. त्यांना पटलं. "बराबर हाय. मशीनले कायले पाह्यजे?" त्यानंतर किरकोळ साठेक चुका निघाल्या आणि चौथ्या दिवशी पाटी घडली. अक्षर दाबलं की अक्षर! हेडक्लार्कांनी पेढे वाटले.

आता माझी करणी. भाऊ रोजच्या कामातही प्रत्येक नव्या फाइलीवर श्री टाकत. ती उभी रेघ कळफलकावर एका कोपऱ्यात, दुसरी कळ दाबून धरून काढावी लागे. चार रेघांना त्यांची चार वेळा धांदल. मला वाटलं, माणसानं आपल्यासाठी नऊ दिवस बोटं झिजवली, आपण एवढं करू. सातव्या फाइलीत मी चार ओळी घातल्या. अर्थ असा, की नवी फाइल उघडली की पहिल्या ओळीवर श्री आपोआप यावा. पुन्हा घडवलं आणि गप्प बसलो. गंमत म्हणून. चहाच्या वेळी सांगणार होतो.

नेमका गुरुवार. सकाळी भाऊंनी फाइल उघडली. मी खिडकीच्या आडून पाहतोय. श्री आला. भाऊ मागं सरकले. मागं वळून पाहिलं, कोणी नाही. फाइल बंद करून दुसरी उघडली. श्री आला. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले, आणि बाहेर निघून गेले. मी हसत हसत चहा सांगितला. पंधरा मिनिटांनी ते आले ते नारळ फोडूनच. माझ्या हातावर खोबरं-साखर ठेवली आणि कानाजवळ येऊन म्हणाले, "वानखडे, कोनाले सांगू नको. आज आपल्या कचेरीत लय मोठी गोष्ट झाली."

माझ्या तोंडात खोबरं होतं. ते गिळेपर्यंत सांगायची वेळ निघून गेली. खरं सांगतो, एवढंच कारण आहे, दुसरं कुठलंही मोठं कारण नाही.

हंगामात त्यांना पिंपळगाव राजाला पाठवलं. जाताना म्हणाले, "पाहू, तठी येते का." तिथलं मशीन दुसऱ्या जातीचं. ओळ संपवायची त्याची पद्धत वेगळी, बाणांच्या कळा वेगळ्या. मी दोन दिवस आधी जाऊन तिथं सोर्स नेला, रात्रंदिवस खपून तो बसवला, आणि मन मारून त्या चार ओळीही ठेवल्या. काढल्या असत्या तर भाऊंना वाटलं असतं, आपल्या हातून काहीतरी पाप घडलं. श्री आला. भाऊंनी मला पोस्टकार्ड टाकलं : "येथेही कृपा आहे."

पण कापूस आणणाऱ्या शेतकऱ्यांची रोजची यादी त्याच एडिटरात लिहिली जाई, आणि नंबर लावणारा प्रोग्राम पहिल्या ओळीपासून मोजे. हंगामाच्या पहिल्या सकाळी भोंग्यावर आवाज देणाऱ्या शेखचाचांनी यादी हाती घेतली आणि पुकारलं, "एक नंबर, श्री! काट्यावर या!"

कोणी येईना. चाचांनी तीनदा पुकारलं. एक नंबर आल्याशिवाय दोन नंबर घ्यायचा नाही हा नियम, कारण मागच्या वर्षी त्यावरून डोकी फुटली होती. गाड्या रस्त्यापर्यंत उभ्या. शेतकरी ओरडायला लागले, "कोन हाय बे हा श्री? बोलवा त्याले!" शेवटी पुंडलिकभाऊ स्वतः गेले, गाड्यांच्या काट्यावर मधोमध एक नारळ ठेवला आणि चाचांना म्हणाले, "घ्या वजन." काट्यानं नारळाचं वजन दाखवलं बारा किलो.

तुम्हाला वाटेल सगळे हसले. मुळीच नाही. काटा बिघडला आहे हे देवानं दाखवून दिलं, अशी पंचक्रोशीत बातमी झाली. भरल्या गाडीतून रिकामी गाडी वजा होते, म्हणून तसा फरक पडत नाही, हे मी चार जणांना सांगून पाहिलं. एकानं मला विचारलं, "तू कोनाकडून बोलून राह्यला?" काटा दुरुस्त झाला. त्यानंतर रोज पहिलं वजन नारळाचं. मी आपला गुपचूप नंबरचा प्रोग्राम बदलला, पहिली ओळ सोडून मोजायला लावला, तरी नारळ काही थांबला नाही.

शेगावचं मशीन सगळ्यात लहान जीव. त्याला नावांची पहिली सहाच अक्षरं कळत. सोर्समध्ये एक काम अक्षर खोडायचं आणि दुसरं ओळ खोडायचं, दोघांच्या नावाची सुरुवात सारखी. मशीनला दोघं एकच वाटले आणि एक अक्षर खोडायला गेलं की अख्खी ओळ गायब. ते निस्तरलं तर कळलं, या मशीनवर उभी रेघच नाही. मी तिच्या जागी टिंबं टाकली. भाऊ शेगावला जाऊन पाहून आले. म्हणाले, "शेगावले रूप येगळं हाय. असनारच." मी हो म्हटलं. एव्हाना मी त्यांच्या देवाचा पगारी पुजारीच झालो होतो.

चौथ्या वर्षी संस्थेची निवडणूक लागली. चौदा गावांच्या सभासदांच्या याद्या भाऊंनीच तिन्ही ठिकाणी टाइप केल्या. छापायचा प्रोग्राम विक्रेत्याचा होता, त्याला मी हात लावला नव्हता, आणि माझ्या डोक्यातही आलं नाही. चौदाही गावांत मतदार क्रमांक एक : श्री.

बरं, छापून भिंतीवर लागल्यावर तरी कोणाला खटकावं? नाही. आमच्याकडं देवस्थानांच्या नावानं जमिनी आहेत, त्यात कापूस होतो, काही देवस्थानं संस्थेची सभासदही आहेत. लोकांना वाटलं, यंदा यादीत देवाचा मान पहिला ठेवला. मतदानाच्या दिवशी नऊ गावांत मारोतीचे नाहीतर महादेवाचे पुजारी अंघोळ करून आले, क्रमांक एकपुढं सही केली आणि देवाच्या वतीनं मत देऊन गेले. माझ्या वडनेरात तर पुजाऱ्याला रांगेत उभं राहू दिलं नाही, थेट आत नेलं.

सत्ताधारी पॅनल पाच मतांनी निवडून आलं.

पडलेल्या पॅनलनं दुसऱ्याच दिवशी तक्रार केली : चौदा बोगस मतदार, आणि ते घुसवले टायपिस्ट पुंडलिकराव झाडोकार यांनी. भाऊ निलंबित. सेवानिवृत्तीला सहा महिने राहिलेले. बोगस मतदार घुसवले असं ठरलं तर नोकरी जाणार आणि वर कपाळावर डाग. जन्मात कोणाची टाचणी उचलली नाही त्या माणसाच्या.

चौकशी बुलढाण्याला. अधिकारी एक मॅडम, पुण्याकडच्या, बोलायला स्वच्छ आणि कडक. मी संगणकाचा माणूस म्हणून साक्षीला. मॅडमनी यादी पुढं सरकवली. "झाडोकार, हे नाव तुम्ही टाकलंत?"

"नाई, मॅडम."

"मग कोणी टाकलं?"

"कोनी नाई टाकलं. तो येते."

"कोण येतो?"

"श्री. आपोआप येते. चार साल झाले. तिन्ही ठिकानी येते, शेगावले टिंबात येते."

मॅडमनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि लिहिलं : उडवाउडवीची उत्तरे. आमचे सचिव बोचरे भाऊंच्या कानाला लागले. "भाऊ, चुकीनं टाकला म्हना. ताकीद देऊन सोडून देतीन."

"मी टाकलाच नाई तं टाकला कसा म्हनू?" भाऊ शांतपणे म्हणाले. "नोकरी जाईन तं जाईन."

मी तिथंच बसलो होतो, हातभर अंतरावर, आणि बोललो नाही. मला माझ्या नोकरीची भीती होती हे खरं, पण तेवढंच नव्हतं. भाऊ ते सांगत होते तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहत होतो. निलंबित माणसाचा तो चेहरा नव्हता. एखाद्याला साक्ष द्यायला बोलावलं आहे आणि तो देतो आहे, असा होता. त्या दिवशी मी गप्प राहिलो, याची लाज मला आजही वाटते.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्यायची नोकरी वाचवता का त्यायचा देव वाचवता, ते तुम्ही पाहा. पन देव तं आपली काळजी आपन घेते." दुसऱ्या दिवशी मी फ्लॉप्या घेऊन पहिल्या एसटीनं बुलढाण्याला गेलो आणि मॅडमना सांगितलं, देव मी टाकला.

"दाखवा," मॅडम म्हणाल्या. "आत्ता. आमच्या मशीनवर. झाडोकारांसमोर."

आमच्या मशीनवर म्हणजे चौथी जात. आणि तिचा कम्पायलर असा खवचट, की चूक नसली तरी शंका काढी. तिथल्या बाबूनं आधी बाहेरची फ्लॉपी आत घालायचा अर्ज लिहून घेतला. त्यावर मॅडमची सही झाली. भाऊंची त्या दिवशीही तारीख होती, त्यांना आत बोलावलं, ते येऊन स्टुलावर बसले. मी पहिली फाइल लावली. शंका. दुसरी. शंका. घाम पुसत एकेक निस्तरत दोन तास गेले. आयुष्यात इतक्या मशीनवर मी तो सोर्स घडवला, पण घडू नये असं त्याच दिवशी वाटत होतं. घडला.

नवी फाइल उघडली. पहिल्या ओळीवर श्री आला. कोपऱ्यातल्या शिपायानं पटकन टोपी काढली. भाऊ स्टुलावरून उठले, त्यांनी हात जोडले आणि मॅडमकडं पाहून लहान मुलासारखे हसले. "पाह्यलं नं, मॅडम? इथीबी आला!"

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. आवाज जरा उतरला होता त्यांचा. "त्या ओळी कुठल्या, दाखवा."

मी सातवी फाइल उघडून बोट ठेवलं.

"काढा. पुन्हा घडवा."

काढल्या. घडवलं. नवी फाइल उघडली. पडदा कोरा. वर डावीकडं नुसता कर्सर उघडझाप करत होता. भाऊ बराच वेळ तिकडं पाहत राहिले. मग माझ्याकडं न पाहता म्हणाले, "म्हंजे तू व्हय का बे?"

मी म्हटलं, "हाव, भाऊ."

मॅडमनी तिथल्या तिथं लिहून दिलं : झाडोकार निर्दोष. मला ताकीद, आणि सुरुवातीला सांगितला तो लेखी खुलासा. निवडणूक पुन्हा झाली आणि तेच पॅनल चौदा मतांनी आलं, म्हणजे देवानं मतं विरोधकांना दिली होती. हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

परतीच्या एसटीत भाऊंनी मला खिडकीची जागा दिली. घाट उतरेस्तोवर एक शब्द नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. खाली उतरल्यावर ते एवढंच म्हणाले, "हे घरी समजू देऊ नको. बायको रोज इचारते, आज आला का म्हून." आणि गेले.

मी तिन्ही मशीनवर जाऊन त्या चार ओळी काढल्या आणि एडिटर पुन्हा घडवले. सोमवारी भाऊ कामावर रुजू झाले. मी माझ्या टेबलावरून चोरून पाहत होतो. वाटलं, आता हा माणूस स्वतः टाइप करील, चार रेघा हुडकत, पूर्वीसारखा. किंवा चिडून तसाच सुरू करील. त्यांनी नवी फाइल उघडली. हात मांडीवर ठेवून थोडं थांबले. मग एकदाच एन्टर दाबलं आणि दुसऱ्या ओळीपासून लिहायला लागले. पहिली ओळ कोरी.

दुसरी फाइल, तसंच. दुसऱ्या दिवशी, तसंच. महिनाभर मी बघितलं. एकही फाइल पहिल्या ओळीपासून सुरू केली नाही. शेवटी न राहवून मी चहाचा कप घेऊन त्यांच्याजवळ गेलो. "भाऊ, राग नका मानू. पहिली ओळ काऊन सोडता?"

भाऊंनी कप घेतला. पडद्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर.

"आता तू नाई टाकत नं?"

"नाही, भाऊ. शपथ."

"मंग आता आला तं तो खरा. त्याले जागा नको का?"